एका हाताचं कापड

शिरड शहापुरात कुणाचंही लग्न असो, साधना सगळ्यांच्या शेवटी मांडवात येते, तीही अक्षता टाकण्यापुरती. जेवायला थांबत नाही. बायका आधी आधी रागवायच्या. आता त्याच म्हणतात, "तिचं काय बाई, मागावर साडी असंल." मागावर साडी असतेच. साधना लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून मागावर साडी नव्हती असं एकदाच झालं.

हा माग तिच्या सासूनं, शकुबाईनं, पैठणकडच्या माहेराहून आणलेला. हळद अन् सोयाबीन पिकवणाऱ्या गावात पैठणी विणणारं हे एकच घर. मरण्याआधी शकुबाईनं सुनेला दोन नेम घालून दिले. एक, माग रिकामा ठेवायचा नाही. साडी कापताना वीतभर उभे धागे मागातच सोडायचे आणि नव्या साडीचा एकेक धागा त्यांना जोडायचा. दुसरा, एक साडी एकाच हातानं विणायची. आडवा धागा ठोकून बसवायची जी फणी, तिचा ठोका ज्याचा त्याचा. हात बदलला की कापडात पट्टा उठतो आणि कापड साऱ्या जगाला चुगली करतं. म्हणजे बघा, मधेच उठून दुसऱ्याला बसवायची सोय नाही आणि साडी संपली म्हणून सुटकाही नाही. साधनाचा बाप कळमनुरीत गेला तेव्हा मागावर मोर अर्धा होता. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि दुपारच्या एस्टीनं ती परत आली.

तिला माग आवडत नव्हता म्हणावं तर तसंही नाही, हीच खरी पंचाईत. मोराचा डोळा मनासारखा जमला की ती एकटीच हसायची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. म्हणून तिनं एवढंच ठरवलं होतं, की आपलं झालं ते झालं, लेकीला यातून सोडवायचं.

लेक एकच, शिवकन्या. तिची झोळी मागाशेजारीच टांगलेली होती. पोरगी ठोक्यावर झोपायची आणि ठोका थांबला की रडायची. शाळेत जायला लागल्यावर एक दिवस ती मागावर चढून बसली आणि चार धागे टाकले. साधनानं त्यावरून बोट फिरवलं. काम सुरेख होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "तुझा हात जड हाय. तुला न्हाई जमायचं."

पुढं दरवेळी तेच. पोरगी मागाजवळ आली की, "हात जड हाय." पोटच्या लेकराशी खोटं बोलताना साधनाला वाईट वाटायचं. पण त्या खोट्याच्या जोरावर शिवकन्या बारावी झाली आणि नांदेडला नर्सिंगला तिचा नंबर लागला. सोमवारी निघायचं होतं. बॅग भरून मागाखाली ठेवली होती.

नेमका त्याच वेळी साधनाचा उजवा खांदा धरला. हात वर होईना. साडी थोडीच उरली होती आणि ती न्यायला रविवारी अपर्णाताई येणार होत्या. या ताई हातमाग जपणाऱ्या संस्थेच्या. बाई मनानं सोनं. त्या नसत्या तर हा माग कधीच चुलीत गेला असता. साधना गोळी घेऊन पडली होती, तेव्हा पलीकडच्या खोलीतून ठोका ऐकू आला. तिला वाटलं, गुंगीत भास होऊन राहिला. उठून बघते तर शिवकन्या मागावर.

"काहून बसलीस?"

"मग कोण करील, माय? तुझा खांदा तर असा."

उठवावं तर साडी राहते, बसू द्यावं तर पोरगी मागात अडकते. साधना दाराला धरून उभी राहिली. तिनं मनातल्या मनात नागनाथाला हात जोडले आणि मागितलं, कापडात पट्टा उठू दे. विणकरणीनं देवाकडं मागावं तर काय, तर हे!

साडी पुरी झाली. शिवकन्या पाण्याला गेली तशी साधनानं डोळे मिटून कापडावर बोट फिरवलं, खालून मोबाईलचा उजेड मारून पाहिलं. आपला हात कुठं संपला आणि लेकीचा कुठं लागला, ते तिलाच सापडेना.

रविवारी अपर्णाताई आल्या. "खांदा दुखत असूनसुद्धा किती एकसारखं काम केलंय, साधनाताई!"

साधनानं मान खाली घातली. आता फक्त गप्प राहायचं होतं. उद्या पोरगी एस्टीत बसली की झालं.

"शेवटचा मोर मी विणला, ताई," शिवकन्या दारातून म्हणाली.

तिनं पुढं येऊन बोट ठेवून दाखवलं. अपर्णाताईंनी चष्मा पुसून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि पोरीला जवळ घेतलं. "अगं, असा हात मी अजून पाहिला नाही! पुढची साडी तुझ्या नावानं लावू या."

शिवकन्येचा चेहरा असा फुलला, की साधनाला तो बघवेना. या मागावर बसलेल्या पोरीला जन्मात पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलं होतं. आणि इतकी वर्षं तिला या शब्दासाठी उपाशी ठेवलं कुणी? आपलेच दात, आपलेच ओठ.

साडी कापायची वेळ आली. साधनानं डाव्या हातात कात्री घेतली आणि वीतभर धागे न सोडता थेट फणीच्या मागं घातली. साडी ओढली तसे फणीतले धागे सळसळत निघून आले. माग रिकामा झाला.

"माय!" शिवकन्या ओरडली.

"असू दे गं, खांद्यामुळं झालं असेल," अपर्णाताई म्हणाल्या आणि नव्या साडीचे तयार धागे ठेवून, साडी घेऊन गेल्या.

संध्याकाळी शिवकन्या रिकाम्या मागासमोर येऊन बसली. "माय, खरं सांग. माझा हात जड हाय का?"

'व्हय' म्हटलं की पोरगी उद्या गाडीत बसणार होती, साधनाला ठाऊक होतं. जन्मभर स्वतःला उणी समजत बसणार होती, हेही ठाऊक होतं. सवयीचं खोटं ओठावर आलं आणि तिथंच थांबलं.

"न्हाई गं. माझ्यापरीस हलका हाय. पहिल्या दिवसापासून."

शिवकन्या उठली. तिनं वाकून मागाखालची बॅग बाहेर काढली आणि साधनाचा जीव भांड्यात पडला. पण पोरीनं बॅग नुसती बाजूला, भिंतीला लावली. मग तिनं नवे धागे मागावर चढवले. आता प्रत्येक धागा नव्यानं ओवायचा होता आणि ते एकटीचं काम नव्हे. एकीनं मागून धागा द्यायचा, दुसरीनं पुढून ओढून घ्यायचा. ती पुढं मांडी घालून बसली आणि फणीतून धागा ओढायची आकडी पलीकडं सरकवली.

"दे, माय."

साधना मागं जाऊन बसली आणि दुखऱ्या हातानं पहिला धागा तिनं आकडीत अडकवला.