गेटजवळची हातगाडी

आमचे इस्त्रीवाले काका समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "होऊन जाईल, साहेब" म्हणतात. कपडे आजच हवेत, पैसे पुढच्या आठवड्यात देतो, सगळ्याला उत्तर एकच. गंगापूर रोडवर इथे बंगला होता तेव्हापासून त्यांची हातगाडी गेटजवळच्या कडुनिंबाखाली उभी असते. बंगल्याच्या जागी बारा मजले आले आणि कपडे इतके वाढले की काकूही मदतीला येऊ लागल्या.

"म्हणजे आता बरं चाललंय ना?" मी एकदा विचारलं.

"काम लय वाढलं. पण उठ म्हटलं की उठायचं, ते तेव्हाही होतं, आताही हाय."

मागच्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत नेमकं तेच निघालं. गाडीमुळे प्रवेशद्वाराची शोभा जाते, ती हटवा. काकांनाही बोलावलं होतं.

"आपण त्यांच्यानंतर आलो," मी चढ्या आवाजात म्हणालो. "वस्तीत पैसा आला तो त्यांना हुसकायलाच का?"

अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

काका पुढे झाले. अध्यक्षांची मागे दुमडलेली कॉलर त्यांनी दोन बोटांनी सरळ केली आणि हळूच म्हणाले, "गाडी नेतो. कपडे तेवढे देत राहा."

सगळ्यांना हायसं वाटलं. खुद्द काकांचीच हरकत नाही म्हटल्यावर माझी हरकत कुणी लिहूनसुद्धा घेतली नाही.