दक्षा जिथं गप्प राहायची

लडक्या मास्तर शाळेतला मास्तर नव्हता. तलासरीकडच्या खालच्या पाड्यावरचा हा माणूस आठवडाभर डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात राबायचा आणि रविवारी पाड्यावरच्या छोट्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायचा. बावीस वर्षं हेच चाललं होतं. स्वतः सातवीपर्यंत शिकलेला, पण सगळ्या प्रार्थना तोंडपाठ. मुलांकडूनही तो त्या घोकून घ्यायचा. "आधी तोंडात बसू दे, काळजात आपोआप उतरतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. उतरतं की नाही हे त्यानं कधी तपासलं नव्हतं. आपण तरी कुठं तपासतो म्हणा.

यंदा नऊ मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी होता. दोन रविवारांनी वसईकडचे तरुण फादर येऊन मुलांची तयारी बघणार होते. आठ जण पोपटासारखे बोलत होते. अडलं होतं एकटीपाशी. दक्षा, बारा वर्षांची, वर्गात सगळ्यात हुशार, आणि मास्तरच्या सख्ख्या थोरल्या भावाची, हाल्याची नात. बाप वापीला कंपनीत, आई त्याच्यासोबत, म्हणून पोर आजाजवळ वाढलेली.

प्रार्थनेत एक ओळ येते. आमचा ज्यांनी अपराध केला त्यांना आम्ही माफ केलंय, तसं तू आम्हाला माफ कर, असा तिचा अर्थ. ती ओळ आली की दक्षाचं तोंड मिटायचं. पुढची ओळ आली की पुन्हा उघडायचं. मास्तरनं हळूच शब्द सुचवून पाहिले, मग आवाज चढवला. शेवटी अख्खी प्रार्थना दहा वेळा लिहून आणायला सांगितली. पोरीनं सुंदर अक्षरात दहा वेळा लिहून आणली आणि दहाही वेळा ती एक ओळ कोरी सोडली.

मास्तरचं डोकं तडकलं. वर्ग सुटल्यावर त्यानं तिला ओट्यावर बसवलं.

"फादरसमोर माझं नाक कापायचंय कं तुला?"

"नाय, मास्तर."

"मंग बोलत का नायस?"

दक्षा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "मी माफ नाय केलंय. बोलले तर खोटं होल. देवासमोर खोटं बोलायचं नाय, तुम्हीच शिकवलं."

"कोनाला माफ नाय केलंस?"

पोरीनं मान वर केली. "तुम्हाला."

मास्तरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक झाली नव्हती. दक्षा हलक्या आवाजात बोलत होती आणि एकही शब्द गिळत नव्हती. "आजी गेली तवा आमची चूल पेटली नव्हती. पाड्यावरच्या सगळ्या घरांतून भाकर आली. तुमच्या घरातून नाय आली. आजा सारखा कुडाकडे बघत व्हता." एवढं बोलून ती उठली आणि पिशवी घेऊन निघून गेली.

आता हे कुडाचं प्रकरण सांगायला हवं. दोन भावांच्या घरांमध्ये एक काटेरी कूड, म्हणजे कुंपण आहे, बकरीसुद्धा ओलांडेल असं. आठ वर्षांपूर्वी दोघांची सावड होती, आज तुझ्या शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, उद्या माझ्या. हाल्याच्या पाळीच्या दिवशीच मोठ्या चर्चमध्ये धर्मशिक्षकांचं शिबिर लागलं आणि लडक्या भावाला न सांगताच तिकडं गेला. हाल्यानं भल्या पहाटे भाताचं रोप उपटून ठेवलं होतं. उपटलेलं रोप कुणाची वाट बघत नाही. एकट्याच्या हातानं जेवढं लागलं तेवढं लागलं, बाकीचं बांधावर सडलं. लडक्या परतल्यावर हाल्या चारचौघांत त्याला म्हणाला, "देवाचं शिकवतोस, आनि भावाला इसरतोस." शब्द खरा होता, म्हणून जास्त झोंबला. त्या दिवसापासून बोलणं बंद. आणि मग गेल्या फाल्गुनात हाल्याची बायको, सोनीबाई, वारली. लडक्यानं मयताला खांदा दिला, मातीही लोटली, आणि खाली मान घालून आपल्या घरी आला. मरणाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारच्या घरांनी भाकर न्यायची, ही पाड्याची रीत. देव कुठलाही माना, ही रीत कुणी सोडलेली नाही. फक्त मास्तरनं सोडली.

दक्षाशी बोलून घरी आल्यावर मास्तरनं बायकोला, सोमीला, विचारलं, "त्या दिवशी भाकर का नाय दिली आपन?"

सोमी तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलंही नाही. "मी भाजल्या व्हत्या. फडक्यात बांधून ठेवल्या व्हत्या. तूच बोललास, पयला त्याला बोलू दे. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना घातल्या."

हे तो पार विसरला होता. खरं तर विसरला नव्हता, झाकून ठेवलं होतं. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. बावीस वर्षांत किती पोरांकडून आपण ती ओळ घोकून घेतली, आणि तिच्यापाशी अडून बसली ती ही एकटी. बाकीच्यांना ओळ पाठ होती, हिला ती कळली होती. आता फादरसमोर तिनं ती म्हणावी म्हणून आपण कुठल्या तोंडानं तिला सांगणार?

बुधवारी हाल्याची आवणी होती. मास्तरनं कारखान्यात खाडा केला. सोमीनं न सांगता नाचणीच्या भाकऱ्या भाजल्या, डहाणूहून आणलेल्या सुकटीची चटणी केली आणि फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली. कुडाला वळसा घालून तो शेतावर गेला. हाल्या वाकून रोप लावत होता. लडक्यानं शिदोरी बांधावर ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, रोपाची एक जुडी उचलली आणि चिखलात उतरला.

चुबुक चुबुक करत त्याच्या दोन ओळी लावून झाल्या.

"कारखाना बंद हाय कं?" हाल्यानं खालीच बघत विचारलं.

"नाय. खाडा केला."

"दाट लाव. तू लांब लांब लावतोस, लहानपनापासून."

दुपारी दोघं बांधावर बसले. हाल्यानं फडकं सोडलं, भाकरीकडे बघत राहिला. "ही भाकर लय उशिरा आली," तो म्हणाला.

"व्हय," लडक्या म्हणाला. "उशीर झाला. माझा झाला."

एवढंच. माफ कर वगैरे शब्द आमच्याकडे प्रार्थनेत असतात, बांधावर कुणी बोलत नाही. हाल्यानं भाकर मोडली आणि मोठा तुकडा भावाच्या हातात दिला. पाण्याची कळशी घेऊन आलेली दक्षा बांधाच्या टोकाला उभी होती. तिनं कळशी ठेवली, फ्रॉक खोचला आणि आजाच्या शेजारी चिखलात उतरली.

फादर आले त्या रविवारी मास्तरनं तिला काही विचारलं नाही. फादरना मात्र आधीच गाठून सांगितलं, "एक पोरगी एका ओळीला गप्प राहील, तिला मागं ठेवू नका. चूक तिची नाय, माझी हाय." फादरनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि मान डोलावली.

नऊ मुलं रांगेत उभी राहिली. मास्तर नेहमीसारखा कडेला, दक्षाच्या बाजूला. प्रार्थना सुरू झाली आणि ती ओळ आली. आठ जणांनी ती म्हटली. त्यांच्या मागून, जरा उशिरा, दक्षानं एकटीनं म्हटली, एकेक शब्द जपून.

अडला तो मास्तर. आयुष्यभर घोकलेली ओळ, पण तोंडातून शब्द फुटेना. आपण काय मागतोय हे त्याला पहिल्यांदाच समजत होतं. डोळ्यांना पाण्याची धार लागली. मुलं पुढं गेली, आमेनपर्यंत पोचली, आणि हा तिथंच.

दक्षानं त्याचा शर्ट ओढला. तो मुलांना शब्द सुचवायचा, तशाच हलक्या आवाजात तिनं त्याला ती ओळ सुचवली. म्हणाली, "बोल ना, धाकल्या आजा."

आठ वर्षांनी तिनं त्याला आजा म्हटलं होतं. त्यानं ओळ म्हटली.