कच्चा मासा खाणारा आचारी

धक्क्यावरच्या त्या काचेच्या हॉटेलातला आचारी रोज सकाळी दार लावून कच्चा मासा खातो, बोक्यासारखा, ही बातमी तिथल्या भांडी घासणाऱ्या बाईंनी माझ्या कानात सांगितली. मी अर्थातच ती कुणाला सांगितली नाही. म्हणजे चार-पाच जणांनाच सांगितली.

हॉटेल झोकदार. समोर पाणी, पाण्यापलीकडे सगळं शहर मांडून ठेवलेलं. खिडकीकडच्या टेबलांवरचे लोक आधी शहराचे फोटो काढत, मग माशाचे, मग स्वतःचे, आणि निवलेला मासा चिवडत ‘वा वा’ म्हणत. माझं टेबल स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी. तिथून शहर दिसत नाही, भांडणं दिसतात.

आचारी महातिरसट. तीस वर्षं त्या भट्टीपुढे उभा. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो हसलेला नाही, असं त्याची बायकोच सांगते. मासळी उतरली की एकेक नग तो स्वतः निवडायचा, पसंत ते उजवीकडे, नापसंत ते डावीकडे, आणि तेवढा वेळ आत कुणाला येऊ द्यायचा नाही. मालक गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगे, “ह्याचं नाक आहे म्हणून माझं हॉटेल आहे.”

बाहेरची टेबलं सांभाळायला त्याचा धाकटा साडू. ही नोकरी आचाऱ्यानंच लावून दिलेली, आणि तो उपकार साडूच्या घशात काट्यासारखा रुतलेला. घरी दोघी बहिणी एका ताटात जेवायच्या. हे दोघे एकमेकांची सावली टाळायचे.

“चार नंबरचा खेकडा झाला, की अजून चालत येतोय?”

“तुला खेकडा आणि विंचू ह्यातला फरक कळतो का? दात काढत वाढ जा.”

तर ती बातमी साडूपर्यंत गेली. कशी गेली ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी शहर बघायला म्हणून आठ बडे पाहुणे लवकरच खिडकीशी येऊन बसले होते. साडूनं मालकाला हाताला धरून आणलं आणि बंद दाराला खांदा लावला. कडी निसटली. मीही खुर्ची सरकवून मान वाकडी केली. आचारी ओट्याशी उभा, माशाचा कल्ला बोटांनी उघडलेला, आणि तोंड त्याला भिडलेलं.

“बघा मालक! लोकांच्या ताटातला मासा आधी ह्यांच्या तोंडात!”

“चोरासारखा दार फोडतोस, हलकटा?”

“भाऊजी, आधी तोंड पुसा, मग शिव्या द्या.”

मालकाचा चेहरा उतरला. “काय करत होतास? कारण असेल तर सांग. नाहीतर आत्ता चालता हो.”

आचाऱ्यानं भट्टीकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं. “खात होतो,” तो म्हणाला. “आवडतो मला कच्चा. रोज खातो.”

अंगातला एप्रन सोडून त्यानं साडूच्या तोंडावर फेकला. दारातून वळून एवढंच म्हणाला, “डावीकडचे वाढू नका.”

“तुमचे उष्टे वाढू का मग?” साडू ओरडला. मालक पाहुण्यांची समजूत घालायला धावला होता. साडूनं उजवीकडचा ढीग, ह्याच्या तोंडातून गेलेला म्हणून, पाण्यात लोटला आणि डावीकडचा हाताखालच्या पोरांना भट्टीवर चढवायला लावला. मी त्या दिवशी नुसता पाव खाल्ला. मी तोंडाळ आहे, मूर्ख नाही.

आठांपैकी सहा पाहुण्यांना संध्याकाळी दवाखान्यात न्यावं लागलं. साडूची नोकरी त्याच आठवड्यात गेली. मालक आचाऱ्याच्या घरी दोनदा जाऊन आला. आचाऱ्यानं दोन्ही वेळा दार उघडलं नाही.

खरं काय ते पुढे त्याच्या बायकोनं मला सांगितलं. तीन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं होतं; त्याला कसलाच वास येत नव्हता. शिळ्या माशाचा कल्ला जिभेला चुरचुरतो, म्हणून तो प्रत्येक मासा जिभेचं टोक लावून निवडायचा आणि मग धुऊन घ्यायचा. कच्चा मासा त्यानं कधीच खाल्ला नव्हता.