घंटी न वाजवणारे घाडीकाका

मुलुंड पूर्वेला नवघर रस्त्यावर चेतना शेजवळ हिचं क्लिनिक आहे. पाटीवर ठळक अक्षरांत 'फिजिओथेरपी व पुनर्वसन केंद्र' असं लिहिलंय, पण ती रंगवणाऱ्या पेंटरनंतर ती पाटी कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. सगळे तिला 'शेकवाल्या बाई' म्हणतात. माणसाच्या अंगातला एकेक स्नायू नावानिशी ओळखणाऱ्या या बाईला लोक दारातूनच विचारतात, "शेक चालू आहे का?" पिठाच्या गिरणीत डोकावून विचारावं तसं.

आत चार खाटा, मध्ये हिरवे पडदे आणि प्रत्येक उशाशी एक घंटी. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून दाबली की 'टिंग' करणारी. गरम पाण्याच्या टाकीतून काढलेली पिशवी टॉवेलात गुंडाळून दुखऱ्या जागी ठेवतात, आणि चेतनाच्या हाताखाली नवीनच लागलेली प्रियंका प्रत्येकाला बजावते, "चटका लागला तर घंटी वाजवा. सहन करत बसू नका."

आता हे आपल्या माणसांना सांगून काय उपयोग? सहन करणं हा आपल्याकडे पाहुण्यांना दाखवायचा गुण आहे. मी आखडलेला खांदा घेऊन तिथे जात होतो आणि माझी घंटी चौथ्या मिनिटाला वाजायची. पलीकडच्या पडद्याआड मान अवघडलेल्या एक बँकेतल्या बाई सहा मिनिटं काढायच्या आणि वाजवल्यावर आधी माफी मागायच्या. कोपऱ्यातल्या खाटेवरून मात्र वीस मिनिटांत एकदाही आवाज यायचा नाही. आला तर तो घंटीचा नसायचा.

"प्रियंका, ह्या तर आंघोळीचा पाणी झाला! आजून गरम कर गो!"

हे दत्ताराम घाडी. वय अडुसष्ट, मूळ कणकवलीकडचे. भांडुपच्या एका कारखान्यात लोखंड तापवण्याच्या भट्टीवर त्यांनी तीस वर्षं काढली. कारखाना गेला, तिथे टॉवर उभे राहिले. भट्टी होती नेमक्या त्या जागी आता तरणतलाव आहे, असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच खो खो हसत. भट्टी गेली तरी तिचा मान त्यांच्याकडेच राहिला होता. सोसायटीच्या पूजेत शिऱ्याचं तापलेलं पातेलं चुलीवरून उतरवायचं तर फडकं शोधण्याआधी घाडीकाकांना शोधत. ते नुसत्या हातांनी कड धरून पातेलं उचलत आणि वाटेत कोणाची तरी चौकशी करायलाही थांबत. बायका 'अगं बाई!' म्हणत. काका त्या 'अगं बाई'वर आठवडाभर जगत.

क्लिनिकमध्ये ते आले उजव्या घोट्यासाठी. जिन्यात पाय मुरगळला होता आणि हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'दहा दिवस शेक' एवढंच लिहून पाठवलं होतं. चेतना तेव्हा चार दिवस कुठल्या तरी प्रशिक्षणाला नाशिकला गेली होती. प्रियंकाने कागद भरायला घेतला.

"काका, शुगर आहे?"

"घालतंय की. दोन चमचे."

चारही पडदे हसले. प्रियंकाही हसली आणि हसता हसता तिने 'नाही' वर खूण केली. ती खूण मी पडद्याच्या फटीतून पाहिली. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो.

पाचव्या दिवशी चेतना परत आली. काका ऐटीत आत शिरले, सगळ्यांना हात केला आणि खाटेवर बसले. त्यांच्या एका पायात चप्पल होती. दुसरी दाराबाहेर, पायरीच्याही पलीकडे, रस्त्यातच राहिली होती. बँकेतल्या बाईंनी ती उचलून आणली. "काका, भरताला पादुका देऊन आलात की काय?" मी म्हणालो. पुन्हा हशा.

चेतना हसली नाही. ती चपलेकडे बघत होती.

"काका, चप्पल निघाली ते कळलं नाही?"

"कळाक काय, ती काय ओरडता?"

तिने शेकाची पिशवी परत टाकीत ठेवायला सांगितली. काकांना आडवं केलं आणि डोळे मिटायला लावले. एक कापसाचा बोळा घेतला, नायलॉनच्या ताठ केसासारखी एक काडी घेतली आणि म्हणाली, "पायाला काही लागलं की 'हो' म्हणायचं." माझ्या आणि त्यांच्या मधला पडदा अर्धा उघडा होता. चेतना अंगठ्याला काडी टेकवत होती, मग करंगळीला, तळव्याला, टाचेला, घोट्यापर्यंत. पुन्हा अंगठ्याला. दुसऱ्या पायालाही. काका शांत पडून होते. थोड्या वेळाने वैतागून म्हणाले, "सुरू कर गो चेडवा, किती वेळ?"

"काका," चेतना म्हणाली, "झालं केव्हाच."

त्यावर कोणी हसलं नाही. काय झालंय ते आम्हाला समजलं नव्हतं, पण तिचा आवाज समजला होता.

तिने साध्या शब्दांत सांगितलं. रक्तात साखर वाढली आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली की पायांच्या नसा हळूहळू मरतात. आधी मुंग्या, मग काहीच नाही. घोट्यावर कालचा लाल डाग अजून आहे, तो शेकाने भाजल्याचा आहे. आजपासून शेक बंद. उद्या उपाशीपोटी रक्त तपासायचं. घरातही अनवाणी चालायचं नाही. रोज आंघोळीनंतर तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरून.

"आरसो? माझ्याकडे दाढीचो आसा."

"तोच धरा."

मग काकांना राग आला. हसऱ्या माणसाला राग आला की तो त्याला नीट बसत नाही, उसन्या कोटासारखा दिसतो. "तीस वर्सा भट्टीफुडे काढलंय मी. माका लागणा नाय, ती माझी ताकद! तू माका कापूस लावन सांगतंस, माझो पाय मेलो?"

सोबत आलेल्या शांताबाई, त्यांची बायको, पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "आयका तरी तिचा."

"तू गप. तपासला की गावता. नाय तपासला तर काय गावणा नाय."

चेतनाने हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून काय आलं ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, नंतर तिने सांगितलंही. "मी शेक लिहिलाय ना? मग शेक द्या. डॉक्टरकी माझ्याकडे राहू द्या." त्यानंतर त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन येणारे पेशंट हळूहळू कमी झाले. ते कोणालाच लागलं नाही, तिच्याखेरीज.

काका बाहेरच्या बाकड्यावर बसून चप्पल चढवत होते. मी शेजारी. ते आता जरा नरमले होते. हळूच म्हणाले, "तुमी शिकलेले. खरा सांगा. तपासून घेव काय?"

या एका प्रश्नाचं 'हो' एवढंच उत्तर होतं. लहान मुलालाही देता आलं असतं. पण मला चार माणसांत विनोद सुचतो आणि सुचला की गिळता येत नाही. मी म्हणालो, "काका, तुमचं रक्त तपासायला घेतलं तर लॅबवाल्याची काचनळी वितळेल!"

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, माझ्या दुखऱ्या खांद्यावरच. "ह्या बराबर बोललात!" हा विनोद त्यांनी पुढचे आठ दिवस सोसायटीत सगळ्यांना ऐकवला, असं शांताबाईंनी मला सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

काका क्लिनिकला येईनासे झाले. 'शेक न देणारी शेकवाली' असं चेतनाचं नवं नाव पडलं आणि ते कोणी पाडलं हे मी इथे लिहीत नाही. काकांनी विजेवर तापणारी शेकायची पिशवी आणली. दुपारचं जेवण झालं की पाय त्या पिशवीवर ठेवून ते टीव्हीसमोर आडवे होत. एका रविवारी सामना रंगला, काकांचा डोळा लागला, पिशवी तापत राहिली. शेवटची षटकं बघायला ते उठले तेव्हा शांताबाईंना चादर ओली दिसली. तळव्यावर पुरीएवढा फोड येऊन फुटला होता. आधी आलेला जळका वास स्वयंपाकघरातला असेल म्हणून त्यांनी खिडकी उघडली होती.

"दुखता?" त्यांनी विचारलं.

"माका लागणा नाय," काका म्हणाले. सवयीनं, पण या वेळी त्यांचा आवाज खाली गेला होता.

हळद झाली, कोरफड झाली, कोणी सांगितलं म्हणून टूथपेस्टही झाली. अठरा दिवसांनी तापानं अंग भाजू लागलं तेव्हा हॉस्पिटल आठवलं. तिथे साखर चारशेच्या वर निघाली. आधी अंगठा काढला. मग गुडघ्याखालून पाय.

मी चेतनाला भेटलो तेव्हा ती टाकीतलं पाणी बदलत होती. मी आपलं जे म्हणतात ते म्हणालो, "तू तर सांगितलं होतंस. तुझी काय चूक?"

ती भडकली. "सांगितलं होतं म्हणजे काय? त्यांना सांगितलं. भर क्लिनिकमध्ये, तुम्हा सगळ्यांच्या देखत. 'तुम्हाला लागत नाही' हे मी एका भट्टीवाल्याला सांगितलं. त्यांनी ते सर्टिफिकेट समजून घरी नेलं. शांताबाईंना बाजूला घेऊन, पडदा ओढून, पायाचं काय होईल ते सांगायला हवं होतं. ते नाही केलं मी." मग टाकीचं झाकण लावत म्हणाली, "आणि तुम्ही. तुम्ही तरी एकदा गप्प बसायचं होतंत ना यार."

ती मला 'तुम्ही' म्हणते आणि कधीच 'यार' म्हणत नाही. ते दोन्ही मी त्या दिवशी एकदम ऐकलं.

प्रियंकाचा कागद आता बदललाय. 'शुगर' या शब्दापुढे तिने हातानं 'रक्तातली' असं लिहिलंय, आणि पेशंटने काहीही उत्तर दिलं तरी ती मान वर करून चेहरा बघते. पहिल्या दिवशी शेकाआधी काडी फिरते. लोक कुरकुरतात, "शेकायला आलोय, परीक्षेला नाही."

घाडीकाका परत आले ते पाच महिन्यांनी. रिक्षातून, वॉकर धरून, शांताबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. कृत्रिम पाय लावून चालायला शिकायचं होतं. खाट तीच, कोपऱ्यातली. मी जाऊन भेटलो. ते म्हणाले, "बसा. खांदो कसो आसा?" मी म्हणालो, बरा आहे. त्यावर त्यांनी मान हलवली. त्यांचा विनोद कुठे होता कोण जाणे. माझा होता, जिभेच्या टोकाशी, नेहमीसारखाच. तो मी तिथेच दाताखाली धरला आणि माझ्या खाटेवर येऊन पडलो.

चेतनाने त्यांचं राहिलेलं मांडीचं बळ तपासलं, व्यायाम दिला आणि दहा मिनिटं विश्रांती घ्यायला सांगून बँकेतल्या बाईंच्या मानेकडे वळली. खोलीत पंख्याचा आवाज होता.

टिंग.

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आवाज कोपऱ्यातून आला होता. त्या खाटेवर आज शेकाची पिशवीच नव्हती.

टिंग. टिंग.

चेतना धावली. पडदा बाजूला झाला. घाडीकाकांचा चेहरा घामानं डबडबला होता आणि एक बोट घंटीवर दाबलेलंच होतं.

"काय झालं काका? कुठे लागतंय?"

त्यांनी दुसऱ्या हातानं दाखवलं. गुडघ्याच्या खाली, जिथे चादर सपाट पडली होती तिथे.

"आंगठो," ते म्हणाले. "आंगठो जळता गो चेडवा. भट्टीत घातल्यासारखो. काढ ती पिशवी."

चेतनाने भिंतीवरचा उभा आरसा काढून आणला, काकांच्या दोन्ही मांड्यांच्या मध्ये उभा धरला, आणि डाव्या पायाची बोटं हलवायला सांगितली. आरशात उजवा पाय दिसू लागला. अख्खा, पाचही बोटांचा. असं रोज थोडा वेळ बघत राहिलं की नसलेल्या पायाची जळजळ हळूहळू शमते, असं ती त्यांना सांगत होती. या वेळी शांताबाईंना जवळ ओढून, अगदी हळू आवाजात.

काका आरशातल्या पायाकडे बघत राहिले.

"लागतंय?" तिने विचारलं.

"लागता," ते म्हणाले आणि बोट घंटीवरून न उचलता रडू लागले.