गोदीत अडकलेला हिरडा

माझ्या मामांइतका हिरड्यावर जीव लावणारा माणूस अख्ख्या मावळात झाला नसेल. लोणावळ्याच्या बाजारामागे त्यांची वखार होती. डोंगरवाड्यांतल्या बायका पाट्या भरून हिरडा आणायच्या आणि मामा तो वाळवून मुंबईच्या गोदीतून विलायतेला धाडायचे. तिकडे त्याने कातडी कमावतात हे कळल्यापासून साऱ्या गोऱ्या लोकांचे बूट आपल्याच जिवावर चालतात, अशी त्यांची खात्री झाली होती. खंडाळ्याला एखादा साहेब समोर आला की आम्ही बाजूला व्हायचो, मामा मात्र वाकून त्याचे बूट न्याहाळायचे आणि समाधानाने म्हणायचे, "आपलाच माल." एका साहेबाला वाटलं, हा बूट पुसणारा, त्याने पाय पुढे केला. मामांनी तो आणखी जवळून पाहिला, मान डोलावली आणि चालू लागले. वखारीत आलेल्या प्रत्येक पाटीतला एक हिरडा ते चावून बघायचे. संध्याकाळपर्यंत त्यांची जीभ इतकी आखडायची की मामी महत्त्वाची भांडणं तेव्हाच उकरून काढायची.

त्या वर्षी गोदीतल्या हमालांनी संप केला. मामांचा सगळा हिरडा पोत्यांत भरून धक्क्यावर पडलेला आणि जहाजं नुसती उभी. पोत्यांवर वळीव पडून गेल्याचं कळलं तेव्हा "एकेकाला खडसावतो" म्हणत मामा मुंबईला गेले. परत आल्यावर मामीने फार विचारलं तेव्हा म्हणाले, "संपवाल्यांत आपल्याला हिरडा आणून देणाऱ्या लोहगडवाडीच्या ठकूचा पोरगा गणू होता. पार वाळलाय. पाया पडला माझ्या. म्हणाला, 'भाऊ, तुमची पोती भिजल्याली बगितली, लय वाईट वाटलं. पर आमी आता मागं सरलो तर पुन्ना आमाला कुणी इचारायचं न्हाई.' मी तसाच परत फिरलो."

संप मिटेपर्यंत हिरडा पोत्यांतच कुजला होता आणि विलायतेच्या व्यापाऱ्याने दुसरीकडून माल घेतला होता. वखारीला कुलूप लागलं. गणूला कामावर परत घेतलं नव्हतं. मामांनी खूप चौकशी केली, पण तो कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या हंगामात बायकांनी रानात उगाच राबू नये म्हणून मामा स्वतः लोहगडवाडीला सांगायला गेले. मी बरोबर होते. ठकू अंगणात नाचणी पाखडत होती.

"ठकू, यंदा हिरडा घेणार नाही मी."

"बरं," ती म्हणाली. तिने गूळपाणी आणून ठेवलं. मग हळूच विचारलं, "भाऊ, गणू दिसलावता म्हनं तुमाला. संप सुटला तरी घरला आला न्हाई. खातोय-पितोय न्हवं?"

"व्हय," मामा तिच्याच बोलीत म्हणाले. "अंग धरलंय चांगलं."

ठकू आत गेली आणि नाचणीच्या पिठाची पुरचुंडी घेऊन आली. "एवढं त्याला पोचवा. तिकडचं पीठ त्याला मानवत न्हाई."

मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली. त्यानंतर ते मुंबईला गेले, गोदीच्या फाटकापाशी दिवसभर उभे राहिले, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे पाहत. शेवटी पुरचुंडी तिथल्याच एका हमालाच्या हातात देऊन परतले.

बाजाराच्या दिवशी ठकू घरी आली. मामांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "पोचलं."