लोखंडाची बोट

वडवणीच्या पुढे, आमच्या गावाच्या फाट्यावर एक लोखंडी बोट उभी आहे. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर.

धाकटा भाऊ नौदलाच्या गस्तीच्या बोटीवर होता. शेवटच्या सुटीत वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्याला विचारलं, "तुमची बोट लोखंडाची हाय का रे?"

"न्हाई आबा, फायबरची. हलकी. लई पळती."

"आन् पेटली तर?"

तो उठून स्वयंपाकघरातली भांडीच घेऊन आला. प्लास्टिकची बादली म्हणजे फायबर, पेटलं की काळा धूर. जर्मनचं पातेलं म्हणजे ॲल्युमिनियम, तापलं की मऊ पडणार. लोखंडी तवा जड, गंजका, पण उभा राहणार. "तव्याचीबी खोड हाय. इकडं जाळ असला की पलीकडचंबी पेटतं. म्हणून लोखंडी बोटीत पलीकडून भिंतीवर सारखं पाणी मारायचं."

"मग तव्याचीच करा की!"

"तुमीच सांगा सायबाला," तो म्हणाला. आम्ही सगळे हसलो.

दिवाळीआधी त्या बोटीच्या इंजिनाच्या खोलीत आग लागली. भाऊ आत होता. पेटीसोबत आलेल्या अधिकाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, उघडू नका.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो भावाच्या फोटोपेक्षा मोठा होता आणि मागे छापलेली बोट काश्मीरच्या तळ्यातली. पुढाऱ्यानं स्मारक जाहीर केलं: फाट्यावर हुबेहूब गस्तीची बोट, फायबरची. टाळ्या पडल्या.

आबा उठले. "फायबर नको."

"आबा, दिसायला सेम असती. पुतळेबी आता फायबरचेच करत्यात."

"लोखंडाची करा. न्हाईतर करू नका."

"अहो, ती काय समुद्रात सोडायची हाय का?"

यावर कुणी हसलं नाही. पुढाऱ्यानं माईक खाली ठेवला.

शेवटी ट्रॉल्या बनवणाऱ्या मिस्त्रीनं ती जोडली. त्यानं समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे मागून ती ट्रॉलीच वाटते. उद्घाटनाला पुढारी आला, फीत कापली, भावाचं नाव चुकीचं घेऊन गेला.

यंदाच्या उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नव्हता. भर दुपारी आबा घागर घेऊन फाट्यावर जाऊ लागले. एकदा मी मागोमाग गेलो. बोटीच्या एकाच अंगाला ते तांब्यातांब्यानं पाणी मारत होते. पाणी चर्र करून वाळत होतं.

"आबा, टँकरचं पाणी हाय ते. प्यायला पुरंना."

त्यांनी मागे पाहिलं नाही.

"पलीकडं पोरगं हाय," म्हणाले, आणि तांब्या पुन्हा बुडवला.