बारावं पान

सुकन्याची लेक काव्या चार दिवस नीट जेवत नव्हती. ताटात उरलेली भाकरी सुकन्या रोज झाकून ठेवी. बायबल क्विझ हरल्याचं दुःख इतकं टिकत नाही, हे तिलाही कळत होतं.

सोलापुरातल्या चर्चमध्ये सुकन्या एकोणीस वर्षं संडे स्कूल घेत होती. इतिहासात बी.ए.; येशूच्या बारा प्रेषितांची नातीगोती तिला सासरच्या गोतावळ्यासारखी पाठ. याकोब नावाचे नक्की किती, कोण कोणाचा भाऊ, यावरचे विद्वानांचे वाद ती रंगवून सांगे. धाकटी बहीण कृपा बारावी होऊन अकलूजला सासरी गेली, घरच्या दुधाच्या धंद्यात रमली. पण वडिलांनी जाताना आपलं टिपणांनी भरलेलं बायबल दिलं ते कृपाच्या मुलाला, ऋतुराजला. काव्याला नाही. सुकन्याला ते अजून सलत होतं.

यंदा बायबल क्विझला दोघंही बसणार होती. कृपानं फोनवर म्हटलं, "ताई, तुझ्या नोट्स ऋतुराजलाही पाठव की." सुकन्यानं फोटो पाठवले, बारावं पान तेवढं वगळून. त्यावर लिहिलं होतं की जब्दीची बायको ही येशूची आई मरीया हिची सख्खी बहीण, म्हणून जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान हे येशूचे मावसभाऊ. काव्याचा गोंधळ नको म्हणून वाद गाळून तिनं ते ठामच लिहिलं होतं.

शेवटचा प्रश्न नेमका तोच आला: जब्दीची बायको आणि मरीया यांचं नातं काय? दोघांनी चिठ्ठीवर उत्तरं दिली. काव्यानं लिहिलं, सख्ख्या बहिणी. ऋतुराजनं लिहिलं, खात्रीनं सांगता येत नाही. क्रुसाजवळ उभ्या असलेल्या येशूच्या मावशीचं नाव योहान आपल्या शुभवर्तमानात देत नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला गुण दिले.

क्विझनंतर चहाच्या वेळी तो सहज म्हणाला, "मावशी, बारावं पान मला आलंच नाही. पण आजोबांनी समासात लिहिलंय, पुरावा अपुरा."

पुन्हा तेच बायबल. सुकन्याला आधी तेच टोचलं, लाज मागून आली.

"राहिलं असेल रे," ती म्हणाली.

काव्यानं कप खाली ठेवला. फोटो काढताना आईनं ते पान बाजूला सारलेलं तिनं पाहिलं होतं.

आज संध्याकाळी ताट सारत ती म्हणाली, "मम्मी, जब्दीच्या बायकोनं पोरांसाठी येशूच्या उजवी-डावीकडची जागा मागितली, म्हणून तू दर वर्षी तिला हसतेस. तिनं निदान तोंडानं मागितली."

सुकन्यानं ते ताट उचलून ओट्यावर ठेवलं. कृपाची दूध घालायची वेळ आता संपली असेल. तिनं पदराला हात पुसले आणि अकलूजचा नंबर काढला.